ऑफिसच्या सामाईक मेलबॉक्सची परवानगी: अर्ज कुणी करायचा, सोबत काय द्यायचं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत परचेसच्या मॉनिटरला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असायची. तिच्यावर परचेसच्या मेलचा पासवर्ड. चहावाल्या पोऱ्यालाही तो पाठ होता. पाच जण त्याच पासवर्डनं मेल उघडायचे. सप्लायरला जुना रेट कुणी कळवला असं विचारलं, की पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

मायक्रोसॉफ्ट ३६५ या ऑफिसच्या मेल-सेवेतला शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचा सामाईक मेलबॉक्स, याच घोळावर उपाय आहे. त्याचा पासवर्ड कुणाला द्यायचाच नसतो; जो तो आपापल्या लॉगिननं आत येतो. त्या मेलबॉक्सच्या नावानं थेट लॉगिन होणार नाही, अशी सोय ॲडमिननं, म्हणजे कंपनीचं मेल सांभाळणाऱ्यानं, करून ठेवावी. तेव्हा अर्ज करायचा तो परवानगीसाठी. पासवर्ड मागायला गेलात तर मी तरी देणार नाही.

परवानगी मिळते ती फक्त कंपनीतच स्वतःचं मेल खातं आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ चं लायसन्स असलेल्यांना. शाहूपुरीतले सीए कितीही जुने आणि घरचे असले, तरी त्यांच्या बाहेरच्या मेल आयडीला ती देता येत नाही. त्यांना लागेल तेवढा मेल फॉरवर्ड करा. शिकाऊ उमेदवाराचं आधी खातं उघडायचं, अर्ज त्यानंतर.

अर्जात सगळ्यात जास्त चुकतं ते ‘कोणती परवानगी’ या ओळीत. लोक नुसतं ‘ॲक्सेस द्या’ लिहितात. परवानग्या तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या. फुल ॲक्सेसमध्ये मेल वाचता येतात, हलवता येतात, पुसताही येतात. पाठवता मात्र येत नाहीत. ॲडमिनच्या स्क्रीनवर हीच ‘रीड अँड मॅनेज’ नावानं दिसते. सेंड ॲज असेल तर मेल थेट परचेसच्या नावानं जातो, कुणी पाठवला ते समोरच्याला कळत नाही. सेंड ऑन बिहाफमध्ये पाठवणाऱ्याचं नाव दिसतं आणि कुणाच्या वतीनं पाठवला तेही दिसतं. एका नव्या मुलीला फक्त पहिली परवानगी मिळाली होती. मेल सगळे दिसत होते, पण कोटेशन पाठवलं की परत यायचं. बिचारी अर्धा दिवस गिऱ्हाइकाचा पत्ता तपासत बसली.

छापील फॉर्मची गरज नाही, विभागप्रमुखाचा एक मेल पुरतो. त्यात मेलबॉक्सचा पत्ता, माणसाचं नाव आणि ऑफिसचा मेल आयडी, हवी ती परवानगी, काम काय आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. मेलबॉक्स दुसऱ्या विभागाचा असेल तर त्यांच्या साहेबांचा होकारही जोडा. माणूस नवा असेल तर एचआरचा रुजू झाल्याचा मेल लागेल. आधारची झेरॉक्स मात्र कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये. ॲडमिनला तिचा काडीचा उपयोग नाही.

परवानगी दिल्यावर आउटलुकमध्ये मेलबॉक्स दिसायला कधी कधी तासभर लागतो. लगेच फोन करू नका, चहा घेऊन या. परवानगी थेट माणसाला न देता सिक्युरिटी ग्रुपला, म्हणजे ॲडमिननं केलेल्या माणसांच्या गटाला, दिली असेल, तर मेलबॉक्स आपोआप येत नाही, हातानं जोडावा लागतो.

अर्जातच आणखी एक गोष्ट मागून घ्या. परचेसच्या नावानं पाठवलेला मेल एरवी पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या सेंट आयटम्समध्ये जाऊन बसतो. सकाळी एकानं उत्तर दिलेलं असतं, दुपारी दुसऱ्याला ते दिसत नाही, आणि सप्लायरला एकाच चौकशीवर दोन उत्तरं जातात, तीही वेगळ्या तारखांची. शेअर्ड मेलबॉक्समध्येही प्रत ठेवण्याचं सेटिंग ॲडमिनकडे असतं, पण ते सांगून चालू करून घ्यावं लागतं.

मेलबॉक्सला स्वतःचं लायसन्स लागत नाही, पण ५० जीबीपर्यंतच. कास्टिंगची ड्रॉइंग येणाऱ्या मेलबॉक्सवर लक्ष ठेवा, ती जागा भसाभस खातात.

दिलेली परवानगी काढून घ्यायचाही अर्ज असतो, आणि तो कुणीच करत नाही. नोकरी सोडली तर खातंच बंद होतं, तिथं प्रश्न मिटतो. घोळ होतो बदलीत. शिरोलीचा माणूस कागलच्या प्लांटवर स्टोअरला गेला, तरी परचेसचे रेट त्याला दिसतच राहतात. बदलीच्या ऑर्डरची प्रत ॲडमिनला त्याच दिवशी पाठवा, आणि खाली लिहा: ‘परचेस मेलबॉक्सच्या तिन्ही परवानग्या काढाव्यात.’ नुसतं ‘ॲक्सेस काढा’ लिहिलंत, तर एखादा फुल ॲक्सेस काढेल आणि सेंड ॲज तशीच राहील.