स्लॉटची लांबी फसवते

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मशीन चालवणारा जुना कॉम्प्युटर बंद पडतो. त्यातलं कंट्रोल कार्ड मात्र धडधाकट असतं. 'नवा पीसी घ्या आणि हेच कार्ड टाका,' असं ठरतं. राजारामपुरीतून पीसी असेंबल होऊन येतो, झाकण उघडतं, आणि कार्डला जागाच नसते. कार्ड पीसीआय या जुन्या जोडणीचं, मदरबोर्डवरचे (मुख्य बोर्डवरचे) सगळे स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायच्या फटी, नव्या पीसीआय एक्सप्रेसच्या.

नावं सख्ख्या भावांची वाटली तरी घरं वेगळी आहेत. १९९२ च्या पीसीआयमध्ये सगळी कार्डं एकच बस, म्हणजे माहितीची सामाईक वाट, वाटून घेतात. २००३ च्या सुमारास आलेल्या एक्सप्रेसमध्ये प्रत्येक कार्डाला आपापल्या लेन, म्हणजे स्वतंत्र वाटा, मिळतात. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाचं कार्ड दुसऱ्यात जात नाही. जात नसेल तर दाबू नका! दोघांना जोडून देणाऱ्या ब्रिज चिपचा अडॅप्टर मिळतो, पण जुनं कंट्रोल कार्ड त्यावर चालेलच असं नाही. माझ्या मते पीसीआय स्लॉट असलेला इंडस्ट्रियल मदरबोर्ड शोधलेला बरा.

एक्सप्रेसमध्ये घोटाळा वेगळा. छोटं कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये चालतं, नव्या पिढीचं (एक्सप्रेसच्या नव्या, वेगवान आवृत्तीचं) जुन्यातही बहुधा चालतं, फक्त वेग कमी असलेल्या बाजूचा मिळतो. पण एक्स१६, म्हणजे १६ लेनच्या, लांबीच्या स्लॉटला १६ लेन जोडलेल्या असतीलच असं नाही. मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा. बऱ्याच बोर्डांवर पिना सुरुवातीच्या थोड्या भागातच दिसतात, पुढे नुसतं रिकामं प्लॅस्टिक. तो स्लॉट दिसायला १६ चा, कामाला ४ चा. पिना पूर्ण दिसल्या तरी मॅन्युअल वाचाच. काही बोर्डांवर एम.२ या छोट्या स्लॉटमध्ये एसएसडी (स्टोरेज) लावली की शेजारच्या स्लॉटच्या लेन कमी होतात, कधी तो बंदच पडतो.

याने फरक किती पडतो? तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला साधारण ९८५ मेगाबाइट नेते. १० गिगाबिटच्या नेटवर्क कार्डाला एका दिशेने १२५० मेगाबाइट लागतात. म्हणजे एक्स१ मध्ये ते गुदमरणारच.

ग्राफिक्स कार्ड असेल तर वीजही बघा. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. बाकीची पॉवर सप्लायच्या वेगळ्या वायरने द्यावी लागते.

ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर किती लेन आणि कोणत्या पिढीचा वेग चालू आहे ते जीपीयू-झेडसारख्या प्रोग्रॅममध्ये दिसतं. पण कार्डावर काम चालू असतानाच बघा. रिकामं असताना वीज वाचवायला ते स्वतःच खालच्या पिढीच्या वेगावर उतरतं, आणि माणूस उगाच दुकानदाराशी भांडायला जातो.