चेलो आणि व्हिसल: दोघांनी मिळून लोकधुना वाजवताना

आमच्या जोडवादनाच्या स्वरलिप्या घेतल्याबद्दल मनापासून आभार. वाजवायला बसण्याआधी एवढं पान वाचावं, ही विनंती. या जोडीत जे अडतं, त्यातलं बरंचसं स्वरलिपीत लिहिता येत नाही.

आयरिश आणि स्कॉटिश धुना बऱ्याचदा डी किंवा जी पट्टीत असतात. डी पट्टीच्या व्हिसलची (म्हणजे टिन व्हिसल, तोंडाने फुंकायची छोटी बासरी) सहा भोकं खालून एकेक उघडत गेलं की डी मेजर मिळतो. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जाचं वाद्य; त्याच्या तारा सी, जी, डी आणि ए. म्हणजे दोघांचं घर एकच. मोकळ्या जी आणि डी तारा एकदम गजाखाली घेतल्या की धुनेखाली भरदार आस तयार होते. धून ई मायनरची असेल तर डी आणि ए तारांवर पहिलं बोट आडवं ठेवा. ई आणि बी, षड्ज-पंचम एका बोटात हाती येतात.

स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकात नाचाला फिडलबरोबर (लोकसंगीतातलं व्हायोलिन) चेलोची साथ असे. नामवंत फिडलवादक नील गाउ यांचे भाऊ डोनाल्ड त्यांना चेलोवर साथ करत. आपल्या काळात फिडलवादक अॅलिस्टेर फ्रेझर आणि चेलोवादक नॅटली हास यांनी ही जोडी पुन्हा ऐकवली. फिडलच्या जागी व्हिसल आली की मात्र एक मोठा फरक पडतो. फिडलचा आवाज हवा तसा लहान-मोठा करता येतो, व्हिसलचा नाही. फुंक कमी केली तर सूर उतरतो, वाढवली तर चढतो आणि शेवटी वरच्या सप्तकात उडी मारतो. खालचं सप्तक मऊ, वरचं धारदार, हा तिचा स्वभावच आहे. त्यामुळे आवाजाचा तोल चेलोनेच सांभाळायचा. धून खाली असताना गज हलका ठेवा, ती वर गेली की मोकळेपणाने खर्ज भरा. आमच्या अनुभवात, जोडी जमते की नाही हे इथेच ठरतं.

दुसरी गोष्ट श्वासाची. जिग आणि रील या जलद नाचधुनांमध्ये विश्रांती जवळजवळ नसते, म्हणून व्हिसलवाल्याला एखादा सूर गाळूनच श्वास घ्यावा लागतो. अशा जागा आम्ही स्वल्पविरामाने दाखवल्या आहेत. तुमच्या श्वासाला त्या सोयीच्या नसतील तर बेलाशक बदला, पण दोघांच्याही पानांवर पेन्सिलीने खूण करा. त्या क्षणी चेलो थांबला तर धुनेला भोक पडतं. तो चालू राहिला तर गाळलेला सूर कुणाला जाणवतही नाही.

सूर जुळवताना आधी व्हिसल. थंड व्हिसल उतरलेली असते, म्हणून ती हातात धरून, थोडं वाजवून ऊबदार करा आणि मगच चेलो तिला मिळवा. अर्ध्या तासाने पुन्हा तपासा.

रीलच्या वेगात चेलोवाल्याने लांब गज टाळावा. गजाच्या मध्याजवळ आखूड फटके घ्यावेत आणि सुराच्या सुरुवातीलाच वजन द्यावं. जाड सी तार जरा उशिरा बोलते, तिथे हे विशेष पाळा, नाहीतर लय ओढल्यासारखी वाटते. कण आणि मुरक्या व्हिसललाच शोभतात. चेलोने त्यांची नक्कल करू नये.

धून चेलोकडे येते तेव्हा ती दोन सप्तकं खाली वाजते: चेलोची मोकळी डी सुमारे १४७ हर्ट्झ, डी व्हिसलचा सर्वांत खालचा सूर सुमारे ५८७. संथ धुनेत हे अंतर फार सुंदर वाटतं. जलद धुनेत पोकळ वाटलं तर लो व्हिसल घेऊन पाहा. बर्नार्ड ओव्हरटन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेलं हे वाद्य डी पट्टीत नेहमीच्या व्हिसलपेक्षा एक सप्तक खाली बोलतं. बोटं तीच, फुंक मात्र जास्त लागते.

सोबतचा संच डी व्हिसलसाठी आहे. तुमची व्हिसल सी पट्टीची असेल तर तसं कळवा. तीच धून आम्ही सी पट्टीत लिहून पाठवू, म्हणजे चेलोची सर्वांत जाड मोकळी तारच तिचा षड्ज होईल.