अंगुलिमुद्रा फाइलीचा पुनर्वापर (अमेरिकेतील शस्त्रनोंदणी)

अंगुलिमुद्रा फाइलीचा पुनर्वापर : दहाही बोटांचे ठसे एकदा संगणकीय फाइलीत नोंदवून तीच फाइल पुढील प्रत्येक शस्त्रविषयक अर्जाला जोडण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिकेच्या 1934 च्या राष्ट्रीय शस्त्र अधिनियमाखालील अर्जांत रूढ झाली आहे. या अधिनियमाच्या कक्षेत सायलेन्सर (बंदुकीचा आवाज दबवणारे साधन), आखूड नळीच्या रायफली व शॉटगन, मशीनगन इत्यादी शस्त्रे येतात. अशा प्रत्येक वस्तूसाठी ब्युरो ऑफ अल्कोहोल, टोबॅको, फायरआर्म्स अँड एक्स्प्लोझिव्ह्ज (एटीएफ) या संघीय संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. वस्तू स्वतः बनवायची असल्यास फॉर्म 1 आणि दुसऱ्याकडून घ्यायची असल्यास फॉर्म 4 भरतात. अर्जदार व्यक्ती असेल तर तिची ओळख ठसे व छायाचित्र यांनी पटवली पाहिजे असे कायद्याचेच कलम आहे. त्यामुळे चार सायलेन्सर घेणाऱ्याला तेच ठसे चार वेळा द्यावे लागतात. पुनर्वापराची गरज येथूनच निर्माण झाली.

कागदी पद्धतीत एफडी-258 या 8 इंच लांबरुंद कार्डावर ठसे घेतात आणि अर्जागणिक अशी दोन कार्डे लागतात. कार्डावर चौदा ठसे असतात. दहा बोटे नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून उमटवतात. त्याखाली दोन्ही अंगठ्यांचे आणि दोन्ही हातांच्या चार-चार बोटांचे सपाट ठसे एकत्र घेतात. सपाट ठशांचे मुख्य काम वरच्या रकान्यांतील बोटांचा क्रम बरोबर आहे की नाही हे पडताळण्याचे आहे.

क्रमाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर बंगालमध्ये सापडते. ठशांच्या वापराचा आरंभ कोणी केला याविषयी मतभेद आहेत. बंगालमधील ब्रिटिश अधिकारी विल्यम हर्शेल यांनी 1858 मध्ये जंगीपूर येथे राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर हाताचा ठसा घेतला, पण तो पूर्ण पंज्याचा होता आणि त्यामागे शास्त्रीय ओळखीपेक्षा करार मोडू नये म्हणून धाक घालण्याचा हेतू अधिक होता. स्कॉटिश डॉक्टर हेन्री फोल्ड्स यांनी 1880 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ठशांवरून गुन्हेगार ओळखण्याची सूचना केली आणि त्यावरून दोघांत दीर्घ वाद झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न वर्गीकरणाच्या श्रेयाचा आहे. कलकत्त्यात 1897 च्या सुमारास प्रस्थापित झालेली पद्धत बंगालचे तत्कालीन पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु तिच्यातील गणित त्यांच्या हाताखालील काझी अझीझुल हक यांचे आणि काही सुधारणा हेमचंद्र बोस यांच्या, असे मानण्याकडे अलीकडील अभ्यासकांचा कल असून तेच अधिक सयुक्तिक वाटते. या पद्धतीत दहा बोटांच्या पाच जोड्या करून, ज्या बोटावर चक्राकृती रेषा असतील त्याला जोडीनुसार 16, 8, 4, 2 किंवा 1 अंक देतात आणि बेरजांवरून कार्ड 1,024 खणांपैकी एका खणात जाते. तर्जनीच्या जागी मध्यमा उमटली तर कार्ड भलत्याच खणात पडून हरवल्यासारखे होई. आज शोध संगणक घेतो आणि खण उरलेले नाहीत. तरीही ठसे ‘वर्गीकरण करता येईल’ इतके स्पष्ट असावेत, ही एटीएफच्या नियमांतील भाषा टिकून आहे. ते घेणाऱ्याकडे योग्य साधने असावीत, एवढीच त्यापुढची अपेक्षा आहे.

संगणकीय फाइलीला तिच्या विस्तारनामावरून ‘ईएफटी’ म्हणतात. तिला ठशांचा ‘साचा’ (निवडक खुणांची संख्यात्मक नोंद) समजणे चुकीचे आहे; तिच्यात ठशांच्या पूर्ण प्रतिमा असतात. फाइलीचे भाग अमेरिकी मानकाप्रमाणे ‘प्रकार’ क्रमांकांनी ओळखले जातात. प्रकार 1 मध्ये व्यवहाराचे स्वरूप, पाठवणारी संस्था, दिनांक व नियंत्रण क्रमांक असतो. प्रकार 2 मध्ये नाव, जन्मतारीख, उंची, वजन, डोळ्यांचा व केसांचा रंग, ठसे घेतल्याचा दिनांक असा मजकूर असतो. प्रकार 4 किंवा 14 मध्ये प्रतिमा असतात. इंचाला 500 बिंदू या घनतेने टिपलेले एक कार्ड सुमारे 10 मेगाबाइट भरते. म्हणून एफबीआय या संघीय तपास संस्थेने 1993 मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळा व राष्ट्रीय मानक संस्था यांच्या सहकार्याने ‘डब्ल्यूएसक्यू’ ही तरंगिकांवर (वेव्हलेट) आधारलेली संकोचन पद्धत ठरवली. तिने आकार सुमारे पंधरा पटींनी घटतो. नेहमीच्या जेपीईजी पद्धतीत प्रतिमेचे 8 गुणिले 8 बिंदूंचे चौकोन पडतात आणि जास्त दाबल्यास त्यांच्या कडा ठशांच्या रेषांना छेद देतात, हे तिच्या नकाराचे कारण होते.

या रचनेमुळे पुनर्वापराचा प्रश्न दोन भागांत विभागतो. बोटावरील रेषा, जखम किंवा झीज वगळता, आयुष्यभर तशाच राहतात. प्रकार 2 मधील मजकूर मात्र शिळा होतो. पत्ता बदलतो, लग्नानंतर आडनाव बदलते, केस पांढरे होतात. छायाचित्र अर्जापूर्वी एका वर्षाच्या आत काढलेले असावे अशी स्पष्ट अट नियमांत आहे. ठशांसाठी तशी कालमर्यादा नियमात घातलेली नाही. पुनर्वापराचे समर्थन मुख्यतः या फरकावर उभे आहे. मजकूर बदलल्यास त्याच प्रतिमांवरून नवी फाइल बनवणे रास्त ठरते. ठसे घेतल्याचा दिनांक पुढे ढकलणे मात्र खोटी नोंद होय. शिवाय, एकदा मान्य झालेली फाइल पुन्हा वापरणे शहाणपणाचे असते आणि अस्पष्ट फाइल पुन्हा वापरल्यास तिचा दोषही सोबत येतो. कौले घालण्याचे किंवा गवंडीकाम करणाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. त्यांच्यासाठी ओलसर हाताने, ठसे टिपणाऱ्या यंत्राची काच पुसून, सावकाश घेतलेला एक चांगला संच पुढे फार उपयोगी पडतो.

पद्धतीच्या प्रसाराला दोन घटना कारणीभूत ठरल्या. 13 जुलै 2016 पासून अमलात आलेल्या ‘41एफ’ नियमाने शस्त्रांच्या मालकीसाठी केलेल्या न्यासांतील (ट्रस्ट) प्रत्येक जबाबदार व्यक्तीला ठसे व छायाचित्र देणे बंधनकारक केले. त्यापूर्वी न्यासाच्या अर्जात ही गरज नव्हती. याच नियमात, मागील 24 महिन्यांत अर्ज मंजूर झाला असेल आणि माहिती बदललेली नसेल तर न्यासाच्या दस्तऐवजांऐवजी प्रमाणपत्र चालते, पण ही सवलत कागदपत्रांपुरतीच आहे. ठसे पुन्हा द्यावेच लागतात. डिसेंबर 2021 मध्ये फॉर्म 4 ऑनलाइन सुरू झाला आणि टपालाने कार्डे धाडण्याऐवजी फाइल अपलोड करणे सोयीचे झाले. 1 जानेवारी 2026 पासून सायलेन्सर व आखूड नळीच्या शस्त्रांवरील 200 डॉलरचा कर शून्य झाला. ठशांची अट तशीच आहे.

फाइल अर्जदाराच्या हाती असेल तरच पुनर्वापर शक्य होतो. काही विक्रेते यंत्रावर घेतलेले ठसे स्वतःकडेच ठेवतात, तेव्हा ग्राहक दुसऱ्या दुकानाकडे वळला की पुन्हा काचेवर हात ठेवतो. शाईच्या कार्डाचे स्कॅनिंग करून फाइल बनवण्याची साधनेही उपलब्ध आहेत. न्यू जर्सी राज्याचा मार्ग वेगळा आहे : शस्त्रपरवान्यासाठी एकदा ठसे दिलेल्या रहिवाशाला पुढील परवान्याच्या वेळी राज्याच्या ओळखक्रमांकावरून जुन्या ठशांचीच तपासणी मागता येते. येथे फाइल पोलिसांकडे राहते, अर्जदार केवळ क्रमांक देतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ग्रीनकार्डधारक हे अर्ज करू शकतात. एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तींना शस्त्र बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, मात्र शिकारीचा वैध परवाना असल्यास अपवाद होतो.

फाइल संगणकावर उघडी ठेवणे धोक्याचे आहे. 2015 मध्ये अमेरिकेच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून सुमारे 56 लाख व्यक्तींचे ठसे चोरीला गेल्याचे उघड झाले. पासवर्ड बदलता येतो; चोरीला गेलेली तर्जनी बदलता येत नाही.