न बघण्याचे दोन प्रकार

पणजी-बेती फेरीबोटीत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे कोणी टक लावून बघत नाही. नजर मांडवीवर, मोबाइलवर, नाहीतर नदीत नांगरलेल्या कॅसिनोंवर. हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पोराकडेही कोणी बघत नाही. वरवर दोन्ही सारखंच वाटतं. समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन (1922-1982) याने मात्र या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या.

पहिलीला मराठीत 'सभ्य दुर्लक्ष' म्हणता येईल. 1963च्या पुस्तकात गॉफमनने ते मांडलं. यात आधी एक ओझरती नजर टाकायची असते: तू इथे आहेस, मी पाहिलं. मग ती लगेच काढून घ्यायची: तुझी मला भीती नाही, संशय नाही, नसत्या चौकशाही करायच्या नाहीत. रस्त्यात समोरून येणाऱ्याला आपण साधारण 8 फुटांपर्यंत बघून घेतो आणि बाजूने जाताना नजर खाली घेतो. समोरासमोर आलेल्या गाड्यांनी दिवे डिम करावेत तसं, असं तो म्हणतो.

दुसऱ्या प्रकारात ती पहिली नजरच नसते. माणूस हजर असतो, पण हिशेबात धरलेला नसतो. गॉफमनचं ठळक उदाहरण घरच्या नोकराचं. लहान मुलं, म्हातारे, आजारी, टॅक्सीवाले यांच्याही वाट्याला हे येतं, असं त्याने नोंदवलं. 1949 ते 1951 या काळात स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर राहून त्याने तिथल्या हॉटेलचं स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली जवळून पाहिली होती. गोव्यात त्याला सामग्री कमी पडली नसती. दाबोळी विमानतळाहून कळंगुटला निघालेली टॅक्सी घ्या. मागे नवरा-बायकोचं हप्त्यांवरून आणि सासूवरून जुंपलेलं, तेही मोठ्याने. ड्रायव्हरला सगळं कळतंय. तो आरशात बघत नाही, एसी तेवढा वाढवतो. त्याच्या जागी बायकोची मावशी गाडी चालवत असती, तर कुठ्ठाळीच्या पुलापर्यंत कोणी तोंड उघडलं नसतं. फरक ओळखायला मला हीच कसोटी सोपी वाटते: या माणसाच्या असण्याने माझं वागणं काही बदललं का? फेरीबोटीत बदलतं. आपण कोपर आवरतो, फोनवरचा आवाज खाली आणतो.

घोळ होतो तो ओळखीच्या माणसांत. गॉफमनचा एक साधा नियम आहे: अनोळखी माणसांना बोलायला कारण लागतं, ओळखीच्यांना न बोलायला. म्हणून सभ्य दुर्लक्ष शहरातल्या फुटपाथवर शोभतं, गावातल्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, नाही. संध्याकाळी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीत, बसलेल्या म्हाताऱ्याला 'कितें, बरें मू?' न विचारता पुढे गेलात, तर त्याला ते डोळ्यांत खुपतं. पुण्या-दिल्लीहून येऊन इथे फ्लॅट घेतलेल्या माणसाला वाटतं, आपण कोणाच्या अध्यातमध्यात नाही. गावाला वाटतं, भलताच शिष्ट दिसतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण वर्षभरानंतरही तो तसाच जात असेल, तर माझा कौल म्हाताऱ्याच्या बाजूने.

वेगळं वागणाऱ्याला किंवा वेगळं दिसणाऱ्याला समाज शिक्षा करतो, तेव्हा सभ्य दुर्लक्ष सगळ्यात आधी काढून घेतलं जातं. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या नागरिकांवर रोखल्या जाणाऱ्या द्वेषाच्या नजरेचा दाखला गॉफमन देतो. अपंग माणसालाही हे माहीत असतं: अनोळखी लोक त्याला निरखतात, वर नाही नाही ते विचारतात. पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीच्या रंगीत घरांत राहणाऱ्यांचं दुखणं यापेक्षा सौम्य, पण जात तीच. पर्यटक दारापुढे उभा राहून फोटो काढतो आणि खिडकीत कोणी बसलंय हे त्याच्या गावी नसतं. घराकडे टक लावून बघणं आणि घरातल्या माणसाला हिशेबात न धरणं, दोन्ही एकाच क्लिकमध्ये.

बिगारी कामाला बाहेरून आलेल्या मजुराच्या बाबतीत हे दोन टोकांना जातं. वर्षभर तो वाड्यातल्या बांधकामावर असतो, त्याच्यासमोर जमिनीच्या व्यवहाराच्या गोष्टी बिनधास्त चालतात. एखाद्या घरी चोरी झाली की त्याच रात्री तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, सगळे त्याच्याकडे वळून बघू लागतात. पेपरांतून आणि पंचायतीच्या सभांतून 'परप्रांतीय' हा विषय सतत गाजतो, तेव्हाही बोलणं त्याच्याबद्दल असतं, त्याच्याशी नसतं. फेरीबोटीत कोणालाही फुकट मिळणारी ती ओझरती नजर त्याच्या वाट्याला क्वचितच येते.