हद्दीच्या दोन बाजू, घर सारखेच, किंमत वेगळी: जमिनीच्या भावामागची पार्श्वभूमी

दोन उपनगरांची हद्द पुष्कळदा एखाद्या रस्त्याच्या मधोमध जाते. रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच नकाशाची नवी घरे उभी असतात. चटई क्षेत्र तेवढेच, सळई-सिमेंट त्याच दराचे, कामगारांची टोळीही कदाचित तीच. तरी एकीकडे घर १०० ला विकले जाते आणि दुसरीकडे १२० ला (चलन कोणतेही घ्या). कारण विचारले की उत्तर मिळते, ‘तिकडे जमीन महाग आहे.’ उत्तर खोटे नाही, उलटे आहे. तिकडे घर महाग विकले जाते, म्हणून जमीन महाग आहे.

हा क्रम नीट मांडला गेला तो घरांच्या नव्हे, धान्याच्या वादात. इंग्लंडमध्ये धान्य महागले तेव्हा जमीनदारांच्या खंडाकडे बोट दाखवले जात होते. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये सांगितले की खंड भरावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही; धान्य महाग असते म्हणून तेवढा खंड भरता येतो. बाकीचे सगळे खर्च वजा जाता जे उरते, तो खंड. आज प्लॉटसाठी बोली लावणारा विकासक हेच गणित करतो, फक्त धान्याच्या जागी घर असते.

अलीकडच्या घराचे १०० घ्या. बांधकाम ५०, परवानग्या आणि विकास शुल्क ८, कर्जाचे व्याज ७, विक्री आणि दलाली ४, नफा १५. बेरीज ८४, जमिनीसाठी उरले १६. पलीकडे १२० मिळतात. बांधकाम तेच ५०, शुल्क तेच ८, व्याज ८, विक्रीखर्च ५, नफा १८. बेरीज ८९, जमिनीसाठी उरले ३१. घराच्या किमतीत २० टक्क्यांचा फरक, पण जमिनीच्या भावात जवळपास दुपटीचा. आकडे नमुन्याचे आहेत, पण हा ताण कुठेही असाच असतो, आणि तो उलट्या दिशेनेही बसतो. अलीकडचे दर १० टक्क्यांनी घसरले, तर त्याच हिशेबाने (नफा आणि विक्रीखर्च दराच्या प्रमाणात उतरतात, बाकीचे खर्च तेच) जमिनीला १६ ऐवजी ८ च परवडतात. ज्याने आधीच १६ मोजलेत, त्याचा नफा १५ वरून साडेपाचावर येतो. असा विकासक छापील दर सहसा कमी करत नाही, कारण आधीचे ग्राहक भांडायला येतात. तो पार्किंग फुकट देतो, नोंदणीचा खर्च उचलतो किंवा काम रेंगाळत ठेवतो. म्हणून जाहीर दरांची तुलना मंदीत सर्वांत जास्त फसवते.

आता खरा प्रश्न: पलीकडे लोक १२० का देतात?

पहिले उत्तर अंतराचे. योहान हाइनरिख फॉन ट्यूनेनने जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमधल्या आपल्या शेतीचे हिशेब वर्षानुवर्षे ठेवले आणि १८२६ मध्ये त्यातून एक चित्र मांडले: मध्ये शहर, त्याभोवती आधी दूध-भाजीपाला, मग सरपणाचे जंगल, मग धान्य, मग गुरे. वाहतुकीचा खर्च जिथे वाचतो तिथली जमीन तेवढीच चढते. विल्यम अलोन्सोने १९६४ मध्ये हाच विचार शहरातल्या घरांना लावला. रेल्वे कंपन्यांना मात्र तो पुस्तकाविना कळला होता. जपानमध्ये कोबायाशी इचिझोने ओसाकाजवळची आपली लाईन १९१० मध्ये सुरू केली आणि त्याच वर्षी इकेदा इथे तिच्या कडेची घरे हप्त्यांवर विकायला काढली. तिकिटाच्या कमाईइतकाच रुळांमुळे चढणाऱ्या जमिनीवर त्याचा डोळा होता. मात्र अंतर म्हणजे नकाशावरचे किलोमीटर नव्हेत. पलीकडच्या उपनगरातून स्थानकाला पायवाट असेल आणि अलीकडून पुलाला वळसा घालावा लागत असेल, तर दोन्ही घरे ‘स्थानकापासून एक किलोमीटर’ अशाच जाहिरातीत बसतात; दारापासून फलाटापर्यंतच्या मिनिटांत मात्र एक घर दुसऱ्याच्या दुप्पट दूर असू शकते.

पण अंतराने भाव हळूहळू उतरतो, रस्ता ओलांडताच २० ने पडत नाही. असा कडेलोट दिसला की त्यामागे बहुधा माणसाने आखलेली रेघ असते. हे दुसरे उत्तर.

कुठे काय आणि किती बांधायचे हे ठरवणाऱ्या अशा रेघा १८९१ मध्ये फ्रँकफुर्टने आखल्या, १९१६ मध्ये न्यूयॉर्कने. खटला मात्र गाजला तो क्लीव्हलँडच्या युक्लिड या उपनगराचा. तिथे एका कंपनीकडे ६८ एकर जमीन होती. तिचे म्हणणे होते, कारखान्यांसाठी एकरी १०,००० डॉलर येतील, पण निवासी पट्टा ठरवल्यामुळे २,५०० च्या वर कोणी देणार नाही. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उपनगराच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर किमान प्लॉट किती, मजले किती, एका प्लॉटवर कुटुंबे किती, हे प्रत्येक उपनगर आपापले ठरवू लागले. इथेच शेजाऱ्यांचे दर फाटतात. ज्या उपनगरात १,००० चौरस मीटरवर दोनच घरे चालतात, तिथे जमिनीचा बोजा दोघांत वाटला जातो. शेजारी दहा चालत असतील, तर दहांत. यावरून ‘जास्त चटई निर्देशांक (प्लॉटच्या तुलनेत किती बांधता येते ते प्रमाण) म्हणजे स्वस्त घर’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. निर्देशांक एकाच पट्ट्यात वाढवला की जमीनमालक दुसऱ्या दिवशी आपली मागणी वाढवतो आणि सगळा फायदा शिलकीत, म्हणजे जमिनीत, जिरतो. घरे उतरायची तर पुष्कळ ठिकाणी एकदम बांधता आले पाहिजे.

काही रेघा नियमांपेक्षा ओंगळ होत्या. १९३४ पासून अमेरिकेत सरकार गृहकर्जाला हमी देऊ लागले, पण कृष्णवर्णीय वस्तीला ‘धोक्याचा’ शिक्का बसे. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका विकासकाने शेजारच्या अशा वस्तीच्या कडेला सुमारे अर्धा मैल लांबीची भिंत बांधली, आणि मगच त्याच्या गोऱ्यांसाठीच्या घरांना हमी मिळाली. घरांच्या बाबतीतला असा भेदभाव १९६८ च्या कायद्याने बेकायदा ठरला. तोवर एका बाजूला तीस वर्षे स्वस्त कर्ज आणि दुसऱ्या बाजूला त्याचा दुष्काळ असा फरक साचत गेला होता.

ब्रिटनने दुसरे टोक गाठून पाहिले. १९४७ च्या कायद्याने परवानगीमुळे जमिनीची जी किंमत वाढेल, ती सगळी १०० टक्के शुल्क म्हणून सरकारजमा करायचे ठरले. मग जमीनमालकाने विकायचे कशासाठी? त्याने हात आखडते घेतले, बिल्डर सरकारला शुल्क आणि मालकाला वरचे पैसे असे दोन्ही देऊ लागले, आणि १९५३ मध्ये ते शुल्क रद्द झाले.

तिसरे उत्तर घरपट्टीचे आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या सोयींचे. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबूने १९५६ मध्ये म्हटले की माणसे उपनगर निवडतात ते करांची आणि सेवांची जोडी पाहून. वॉलेस ओट्सने १९६९ मध्ये न्यू जर्सीतल्या ५३ पालिकांचे आकडे तपासले: कर जास्त तिथे घरे स्वस्त, शाळांवरचा खर्च जास्त तिथे महाग. वाढीव कर पूर्ण शाळांवर गेला, तर दोन्ही परिणाम जवळपास फिटत होते. सँड्रा ब्लॅकने १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या प्रवेशहद्दीच्या अगदी दोन्ही कडांवरची घरे ताडून पाहिली. परीक्षेचे गुण ५ टक्के जास्त, तर घर सुमारे अडीच टक्के महाग. कराचा हिशेब घरीच करता येतो. वर्षाला १ जादा भरावा लागणार असेल आणि व्याजदर ५ टक्के धरला, तर तो कायमचा बोजा आजच्या २० इतका होतो. तेवढे घर स्वस्त मिळाले नाही, तर ते स्वस्त नाहीच.

नव्या घरांत हा बोजा लपून बसतो. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये मतदारांनी घरपट्टीला १ टक्क्याची मर्यादा घातली. मग नव्या वसाहतींचे रस्ते, गटारे, शाळा कशातून बांधायच्या? १९८२ च्या कायद्याने एखाद्या वसाहतीपुरता वेगळा वार्षिक कर लावून रोखे काढण्याची सोय झाली. परिणामी एकाच वर्षी बांधलेल्या शेजारच्या दोन घरांत एकाला हा कर असतो, एकाला नसतो, आणि करवाल्या घराचा फलकावरचा दर आकर्षक दिसतो. जिथे अशी सोय नाही तिथे विकासक हे पैसे आधीच शुल्क म्हणून भरतो. ते ८ चे १३ झाले, तर वरच्या गणितात जमिनीसाठी १६ ऐवजी ११ उरतात. मालक ११ ला तयार झाला, तर घराची किंमत हलत नाही. तो अडून बसला, तर बांधकामे थांबतात, घरे कमी पडतात आणि मग दर चढतो. म्हणून ‘शुल्क वाढले की ते थेट ग्राहकाच्या माथी’ हे दरवेळी खरे नसते.

जमिनीखालचे फरक त्या मानाने थोडक्यात. फुगणारी चिकणमाती किंवा उथळ भूजल असेल, तर साध्या पायाऐवजी पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेले खांब, घ्यावे लागतात. उतारावर संरक्षक भिंत येते. मुख्य मलवाहिनीची क्षमता संपली असेल, तर पंपिंग स्टेशन विकासकाच्या गळ्यात. इमारतीतल्या एका गाडीला वळणाच्या जागेसह सुमारे ३० चौरस मीटर लागतात. एका पालिकेने घरामागे एक आणि दुसरीने दोन पार्किंग मागितली, तर ‘तेच घर’ खर्चाने तेच राहत नाही.

दोन घरांची तुलना करायची, तर दोन्हींचे क्षेत्र आधी भिंतींच्या आतल्या मापात आणा. मग पार्किंग वेगळे काढा, बाकी राहिलेले विशेष कर व्याजदराने भागून किमतीत मिळवा. त्यांना मुदत असेल, तर उरलेल्या वर्षांपुरतेच धरा. जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची, आणि पट्ट्याची किती वर्षे उरली, हे पाहा. शेवटी जाहीर दराऐवजी नोंदवलेल्या करारांतले दर घ्या, तेही एकाच तिमाहीचे. एवढे करूनही जो फरक उरतो, तो त्या दोन जमिनींचा असतो.