पासवर्ड उडालेले नाहीत, ब्राउझर बदललाय!

आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दर महिन्याच्या १९-२० तारखेला आम्हाला हमखास एक फोन येतो. "बुकमार्क गेले, पासवर्ड गेले, जीएसटीची साइट नव्याने लॉगिन मागतेय. व्हायरस शिरलाय का?"

व्हायरस नसतो. रात्री विंडोजचं अपडेट झालेलं असतं. सकाळी 'शिफारस केलेल्या सेटिंग्ज वापरा' असं सांगणारा मोठा पडदा येतो आणि घाईत आपण ठळक बटण दाबून मोकळे होतो. 'नको' म्हणायची जागा कोपऱ्यात, बारीक अक्षरात. त्या एका क्लिकने कॉम्प्युटरसोबत आलेला ब्राउझर डिफॉल्ट होतो आणि ईमेलमधली लिंक त्यात उघडायला लागते. तुमचा नेहमीचा ब्राउझर मात्र पासवर्डसकट जागेवरच असतो.

इथे हात जोडून सांगतो: जुना ब्राउझर अनइन्स्टॉल करू नका. नाशिकमधल्या अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये ऐन २० तारखेला, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायच्या दिवशी, मालकांच्या मुलाने 'बिघडलाय' समजून तो काढला. काढताना खाली एक छोटा चौकोन येतो, 'ब्राउझिंग डेटाही काढून टाका'. त्यावर टिक पडली. सिंक, म्हणजे पासवर्डची प्रत ऑनलाइन खात्यातही ठेवणारी सोय, चालू नव्हतं, त्यामुळे सहा वर्षांचे पासवर्ड खरोखरच गेले. आमचा माणूस संध्याकाळपर्यंत एकेका साइटचा ओटीपी मागवत बसला. त्यातला एक ओटीपी ज्या मोबाइलवर जात होता, तो नंबर काम सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघाला.

करायचं एवढंच. स्टार्ट दाबून नेहमीच्या ब्राउझरचं नाव टाइप करा आणि तो उघडा. सगळं दिसेल. मग सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स असं जा, ब्राउझरचं नाव निवडा आणि वरचं 'सेट डिफॉल्ट' दाबा. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा हे बटणही नव्हतं, प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी वेगळं बदलावं लागे. लोकांनी ओरड केली तेव्हा २०२२ मध्ये ते आलं. पीडीएफ कशात उघडतेय ते मात्र वेगळं तपासा.

"तो दुसरा ब्राउझर कायमचा काढूनच टाका ना," असं बरेच जण म्हणतात. आम्ही काढत नाही, आणि ते कामचुकारपणाने नाही. युरोपात २०२४ पासून कायद्यामुळे ती मुभा मिळाली, आपल्याकडे नाही. व्हिडिओ बघून जबरदस्तीने काढला, तर त्याच्या भागांवर चालणारी इतर सॉफ्टवेअर अडकतात आणि मशीन परत आमच्याच टेबलावर येतं.

आपलाच ब्राउझर वापरायला लावण्याचा कंपन्यांचा हा आग्रह आजचा नाही. विंडोजसोबत स्वतःचा ब्राउझर दिल्यावरून अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. ब्राउझर निवडायचा पडदा दाखवायचं कबूल करून तो दाखवला नाही, म्हणून युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये त्याच कंपनीला ५६ कोटी १० लाख युरो दंड केला. आपल्या स्पर्धा आयोगानेही अँड्रॉइड फोनच्या बाबतीत २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. मशीन तुम्ही पैसे मोजून घेतलंय, तेव्हा त्यात काय उघडायचं हे तुम्हीच ठरवायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. आम्हाला कुठल्याही ब्राउझरचं कमिशन मिळत नाही. ज्यात तुमचा हात बसलाय, तोच ठेवा.

एएमसीच्या, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराच्या, ग्राहकांकडे आम्ही प्रत्येक व्हिजिटला दोन गोष्टी बघतो: डिफॉल्ट ब्राउझर कोणता आहे, आणि सिंक मालकांच्या ईमेलवर आहे की ऑफिसातल्या मुलाच्या. दुसरी गोष्ट अनेक ठिकाणी चुकलेली सापडते. एएमसी नसेल तर व्हिजिटचा चार्ज पडतो, कारण अंबड असो वा ओझर, माणूस गाडीवर जातो आणि त्याचा अर्धा दिवस जातो.

अपडेटनंतर तसा पडदा आला आणि काय दाबावं कळलं नाही, तर काहीच दाबू नका. मोबाइलवर फोटो काढून दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाका, कुठलं बटण ते सांगतो. त्याचे पैसे घेत नाही, एएमसी असो वा नसो.