रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर: एका तपासणीची पार्श्वभूमी

कोविडच्या काळात गोव्यात घरी विलगीकरणात राहणाऱ्या रुग्णांना सरकारी संचातून ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, मिळाला आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्यांना ९५ च्या खालचा आकडा ओळखता येऊ लागला. घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत अडतो का हे पाहायला तोच चिमटा रात्री बोटाला लावला तर चालेल का, असे आता लोक विचारतात.

झोपेत श्वास अडतो हे वैद्यकाला तसे उशिराच उमगले. १९५६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी लठ्ठ, सदा पेंगणाऱ्या रुग्णांच्या आजाराला डिकन्सच्या कादंबरीवरून ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटले, पण दोष दिला रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीत अशा रुग्णांच्या झोपेच्या नोंदी घेतल्या गेल्या आणि श्वास पुन्हापुन्हा थांबून झोप मोडते हे दिसले. त्यावर तेव्हा मुख्य इलाज म्हणजे गळ्याला छिद्र पाडणे. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देणारे सीपॅप आणले. इलाज सुसह्य झाला, तशी निदानाची निकडही वाढली.

ऑक्सिमीटरची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. जपानच्या निहॉन कोहडेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी कानाला प्रकाश लावून हृदय किती रक्त फेकते ते मोजू पाहत होते. नाडीच्या ठोक्यांनी नोंद सारखी बिघडे. हा बिघाडच धमनीतल्या रक्ताची खबर देतो, हे १९७२ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले. लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या गुणोत्तरावरून ऑक्सिजन काढायची ती रीत आजच्या चिमट्यातही आहे. १९८० च्या दशकात ही यंत्रे आधी शस्त्रक्रियागृहांत रुळली. पुढे ती लहान झाली, त्यांत स्मृती आली आणि रात्रभराची नोंद घरी घेता येऊ लागली.

घरातला साधा चिमटा इथेच कमी पडतो, कारण तो फक्त त्या क्षणाचा आकडा दाखवतो. रात्रीच्या तपासणीचे यंत्र सेकंदासेकंदाला आकडा साठवते. मग ऑक्सिजन ३ किंवा ४ टक्क्यांनी किती वेळा घसरला, याची ताशी सरासरी काढतात. श्वास अडतो-सुटतो तसा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत श्वास, छातीची हालचाल वगैरे नोंदवणारी घरगुती तपासणी आधी सुचवली आहे आणि ती सहज मिळत नसेल तिथे ऑक्सिमेट्रीचा, म्हणजे रात्रभराच्या ऑक्सिजन-नोंदीचा, विचार करा, असे म्हटले आहे. अमेरिकन तज्ज्ञ मात्र नुसत्या ऑक्सिमेट्रीवर निदान करायला राजी नाहीत. सत्तरी-सांग्यासारख्या आडबाजूच्या तालुक्यातल्या माणसाला सविस्तर तपासणीसाठी एका रात्रीपुरते तारा लावून शहरात झोपायला बोलावण्यापेक्षा मला ब्रिटिश वाट व्यवहाराची वाटते. शिवाय आपल्याकडे दुपारच्या झोपेला कोणी नावे ठेवत नाही, त्यामुळे रात्रीची झोप मोडल्याने दिवसा येणारी गुंगी दुखणे म्हणून लवकर ध्यानातच येत नाही. ट्रक चालवणाऱ्याला ती महागात पडते.

आलेखात दाते स्पष्ट असतील तर संशय पक्का होतो. ते नसले म्हणून आजार नाही असे नव्हे: सडपातळ माणसाची झोप ऑक्सिजन फारसा न घसरताही मोडते. दमा, फुप्फुसाचा जुना विकार किंवा हृदय कमजोर असेल तर आलेख वेगळ्याच कारणाने खाली जातो. नेलपॉलिश आणि गार पडलेली बोटेही आकडा बिघडवतात. म्हणून अहवाल बरा आला, पण बायको श्वास थांबल्याचे सांगतेच आहे, तर पुढची सविस्तर तपासणी करून घ्यावी लागते.